फ्रिजवरचं चक्र

काकू, नमस्कार.

मी चौतीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर, मकरपुऱ्यात नोकरी. आमची ही बडोद्यातली पाचवी पिढी. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, कंपनीत इंग्रजी. बायको केरळची, कोचीत वाढलेली, नोकरीसाठी इथे आली. तिचं हिंदी रिक्षावाल्यापुरतं. त्यामुळे लग्नाला तीन वर्षं झाली तरी आमचा संसार इंग्रजीतच चालतो. गप्पा छान होतात. भांडण मात्र जमत नाही.

यंदा गणपतीत दुसऱ्या दिवशी आमच्या दांडिया बाजारच्या घरी सगळे जमले होते. आठवडाभर आधी सांगूनही आरतीच्या वेळी ही गच्चीत, ऑफिसच्या कॉलवर. मंत्रपुष्पांजली संपल्यावर खाली आली. आत्या म्हणाली, “सूनबाई फार बिझी दिसतात.” सगळ्यांसमोर मला अगदी कानकोंडं झालं. दर वर्षी काही ना काही होतंच. घरी येताना तिनं विचारलं, “आर यू अँग्री?” मी म्हटलं, “नो, आय अ‍ॅम फाइन.” दुसऱ्या दिवशी म्हटलं, “येस, आय अ‍ॅम अँग्री.” ती म्हणाली, “अबाउट व्हॉट?” मला पुढे बोलताच येईना. तीन दिवस अबोला.

चौथ्या दिवशी तिनं इंग्रजी भावनांच्या शब्दांचं एक रंगीत चक्र छापून आणलं आणि फ्रिजवर चिकटवलं. आई आली होती, तिनं मधलाच शब्द वाचला आणि विचारलं, “मॅड कुणाला म्हटलंय?” काकू, मला हे सगळं बालवाडीतल्यासारखं वाटतं. तरी तुम्ही इंग्रजी शिकवायचात म्हणून विचारतो. पंचवीस-तीस शब्दांची यादी अर्थासकट द्याल का? पाठ करतो. आणि मुळात याची गरज आहे का?

— एक बडोदेकर

ता. क. ‘हिरमुसणं’ला इंग्रजीत काय म्हणतात? तिनं विचारलं होतं, मला सांगता आलं नाही.

*

काकू म्हणालास, तर मी ‘तू’च म्हणते.

यादी देणार नाही, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. शब्दांच्या याद्या पाठ करणारी मुलं पुढे काय करतात ते पाहिलंय. परीक्षेत ‘मेलन्कली’ लिहितात आणि जन्मभर ‘फाइन’ बोलतात.

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात लाल पेन घेऊन. सवय जात नाही. बायकोला इंग्रजीत सांगताना तुला एकच शब्द सापडला, ‘अँग्री’. मला मराठीत सांगताना मात्र तू काय काय लिहून गेलास बघ. ‘आठवडाभर आधी सांगूनही.’ ‘सगळ्यांसमोर कानकोंडं झालं.’ ‘दर वर्षी काही ना काही होतंच.’ या तिन्हींखाली मी लाल रेघ मारली. तीन वेगळ्या भावना आहेत या, आणि त्यातली एकही धड राग नाही.

पहिली घे. तू सांगून ठेवलं होतंस, तिनं मान डोलावली असणार, आणि ऐन वेळी तसं झालं नाही. हा अपेक्षाभंग. इंग्रजीत ‘डिसअपॉइंटेड’. आपण ज्याच्यावर विसंबलो त्यानंच ऐन वेळी हात सोडला असं वाटलं, तर ‘लेट डाउन’.

दुसरी, कानकोंडं होणं. ‘एम्बॅरस्ड’. आता नीट बघ, यात तुझ्या बायकोचा वाटा निम्माच. उरलेला निम्मा आत्याचा. आत्या बोलली नसती तर तू गच्चीतून उतरलेल्या बायकोच्या हातावर खिरापत ठेवली असतीस आणि विषय तिथेच संपला असता. पण आत्याला काही म्हणायची आपल्याकडे सोय नाही. मग तिच्या नावचं बिल बायकोच्या खात्यावर पडतं. मी हे अनेक घरांत पाहिलंय, स्वतःच्याही.

तिसरी मात्र जुनी आहे. ‘दर वर्षी’ हे दोन शब्द आले की समजायचं, ही आजची गोष्ट नव्हे. इंग्रजीत याला ‘रिझेंटमेंट’ म्हणतात, ‘आय रिझेंट इट’. फ्रेंचमधून आलेला शब्द, मुळात अर्थ ‘पुन्हा जाणवणं’. जुन्या उधारीसारखं असतं ते. आपण वहीत मांडत राहतो, व्याजही चढवतो, आणि ज्याच्याकडून येणं आहे त्याला पत्ताच नसतो. गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी काय झालं होतं, हे तू तिला कधी सांगितलं होतंस? पत्रात तरी तसं काही दिसत नाही.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, गरज आहे का याचं, उत्तर. तुझ्या शॉपमध्ये ऑपरेटर येऊन म्हणाला, ‘साहेब, मशीन बिघडलंय’, तर तू काय विचारतोस? आवाज येतोय, तापलंय की तेल गळतंय? बेअरिंग की बेल्ट? तेच तुझ्या बायकोनं विचारलं. ‘अबाउट व्हॉट?’ तुला ती उलटतपासणी वाटली. तिला फक्त पान्हा कुठल्या मापाचा आणायचा ते हवं होतं. तू ‘डिसअपॉइंटेड’ म्हणाला असतास तर पुढच्या वर्षी आरतीची वेळ तिनं ऑफिसच्या कॅलेंडरवर टाकली असती. ‘एम्बॅरस्ड’ म्हणाला असतास तर तिला करण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण आत्या काय म्हणाली ते कळलं असतं. मराठीतला टोमणा तिच्या कानावरून गेला असणार, याचा विचार केलास? आणि रिझेंटमेंटला एक अख्खी संध्याकाळ लागते, फोन बाजूला ठेवून. भावनेचं नाव बदललं की करायचं काम बदलतं. शब्द त्यासाठी हवेत, नाहीतर मी कशाला या वयात त्यांची बाजू घेतली असती!

तुझी एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती व्याकरणाची आहे. आपण म्हणतो ‘मला राग आला’. राग येतो, तसा जातो. पाहुण्यासारखा. भीती वाटते, लाज वाटते, कंटाळा येतो, रडू कोसळतं, सगळं आपल्याकडे येणारं, आपण जागच्या जागी. इंग्रजीत गेलास की ‘आय अ‍ॅम अँग्री’. म्हणजे अख्खा तूच राग झालास. (‘मी चिडलो’ हेही आपण म्हणतो, ते मला ठाऊक आहे, पत्रं पाठवू नका.) म्हणून तुला एक छोटी युक्ती देते. ‘आय अ‍ॅम’च्या जागी ‘आय अ‍ॅम फीलिंग’ म्हणत जा, आणि पुढे ‘राइट नाऊ’. इंग्रजी बिघडत नाही आणि पाहुणा पाहुणाच राहतो.

दुसरी अडचण जास्त चकवणारी आहे. आपण मराठीत कितीतरी इंग्रजी शब्द घेतले आणि त्यांचे अर्थ आपल्या सोयीनं बदलून टाकले. ‘नर्व्हस’च घे. ‘तो आज जरा नर्व्हस दिसला’ म्हणजे आपल्याला काय म्हणायचं असतं? खट्टू दिसला, उतरलेला दिसला. इंग्रजीत नर्व्हस म्हणजे काहीतरी पुढे यायचंय, मुलाखत, ऑपरेशन, स्टेज, आणि पोटात फुलपाखरं नव्हे, चांगला गोळा आलाय. मी नोकरीला लागले त्या वर्षी माझ्याकडची दहावी काढून दुसऱ्या बाईंना दिली. मुख्याध्यापिका दक्षिणेकडच्या होत्या, बोलणं सगळं इंग्रजीत. म्हटलं, ‘मॅडम, आय अ‍ॅम व्हेरी नर्व्हस.’ त्या उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, घाबरू नकोस, सातवीची मुलं गरीब आहेत. मी इंग्रजीची शिक्षिका होते बरं का.

तसंच ‘फील होणं’. ‘त्याला फील झालं’ म्हणजे लागलं, मनाला टोचलं. ‘आय फेल्ट’ एवढ्यावर तुझी बायको पुढच्या शब्दाची वाट बघत बसेल. तिथे ‘हर्ट’ लागतो. ‘मूड ऑफ’ इंग्रजीत नाहीच. ‘टेन्शन’ आपण काळजी, धास्ती, कामाचा बोजा आणि सासरच्यांचं येणं या सगळ्याला मिळून वापरतो. इंग्रजीत त्याला वेगवेगळे कप्पे आहेत. कारण ठाऊक असेल तर ‘वरीड’, कारण सापडत नाही पण छाती धडधडते तर ‘अँक्शस’, कामं अंगावर आलीत तर ‘स्ट्रेस्ड’. आणि ‘मॅड’ म्हणजे अमेरिकेत सरळ ‘रागावलेला’. आईंना सांग, कुणाला वेडं म्हटलेलं नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगायच्या आत सांग.

आता ते चक्र. बालवाडीतलं म्हणालास, म्हणून त्याची जन्मकथा थोडक्यात. तुमच्याकडच्या चक्राच्या मध्यभागी मॅडबरोबर सॅड, स्केअर्ड, जॉयफुल, पॉवरफुल, पीसफुल असे सहा शब्द असतील, तर ते ग्लोरिया विलकॉक्स या अमेरिकन बाईंच्या १९८२ सालच्या चक्राचं भावंड आहे. मोठ्या माणसांना समुपदेशन करताना वापरायला केलेलं. त्याच्या दोन वर्षं आधी रॉबर्ट प्लुचिक या मानसशास्त्रज्ञानं आठ मूळ भावनांचं चक्र मांडलं होतं. विलकॉक्सबाईंच्या चक्रात बाहेरच्या कडेला जावं तसे शब्द बारीक होत जातात. वापरायची रीतही तीच आहे. मध्ये बोट ठेवायचं आणि बाहेरच्या बाजूला सरकायचं. तू मधल्या ‘मॅड’वरच थांबलास.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं मनात असेल, तर ते इथेच, बडोद्यात, मोडून काढता येतं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव सांगितले आणि त्यांच्याबरोबर येणारे-जाणारे तेहतीस संचारी भाव. अभिनवगुप्त या जुन्या काश्मिरी पंडिताच्या भाष्यासह ते नाट्यशास्त्र गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये आपल्या शहरातून छापायला सुरुवात झाली ती १९२६ साली. त्या तेहतिसांत नुसता राग नाही. अपमानातून उठणारा ‘अमर्ष’ आहे, दुसऱ्याचं चांगलं न बघवणारी ‘असूया’ आहे, ‘व्रीडा’ म्हणजे लाज आहे, ‘विषाद’ आहे, ‘ग्लानी’ आहे. आणि एक भाव असा आहे की मी तो वाचला तेव्हा पुस्तक मिटून हसले होते. ‘अवहित्थ’. म्हणजे आतलं चेहऱ्यावर दिसू न देणं. त्याची लक्षणं दिली आहेत : भलतंच काहीतरी बोलणं, बोलणं मध्येच तोडणं, उसनं धैर्य आणणं. आलं ना लक्षात? भरतमुनींनी ‘आय अ‍ॅम फाइन’ला तेहतिसांत जागा देऊन ठेवली आहे.

शब्दांच्या बाबतीत हे शहर आळशी कधीच नव्हतं. राज्यकारभारातल्या शब्दांसाठी सयाजीराव महाराजांनी ‘श्रीसयाजी शासन शब्द कल्पतरू’ करवून घेतला, १९३१ साली, इंग्रजीच्या समोर मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी असे एकूण आठ भाषांतले शब्द मांडून. कचेरीत ‘अपील’ला काय म्हणायचं यावर पंडित बसवले. घरात ‘मला वाईट वाटलं’ कसं म्हणायचं यावर मात्र आपण कुणालाच बसवलं नाही.

आता जरा शास्त्राचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्यांचा मेंदू स्कॅन केला. त्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितला, तेव्हा धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग कमी खवळला. त्याच चेहऱ्याला नुसतं बाईचं किंवा बुवाचं नाव निवडायला सांगितलं तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे नाव भावनेचं हवं. माझी आजी याला ‘बोलून टाक, हलकं वाटेल’ म्हणायची, पण तिच्याकडे स्कॅनर नव्हता.

दुसरा प्रयोग तुमच्या घरासाठी जास्त कामाचा आहे. कॅथरिन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द आणि वाक्यं ऐकवली आणि त्यांच्या त्वचेवरचा बदल मोजला. लहानपणी आई-बाप रागावताना म्हणतात तसली वाक्यं तुर्कीत आली की अंग जास्त शहारायचं. तीच इंग्रजीत आली की कमी. तुलाही अनुभव असेल. ‘शेम ऑन यू’ ऐकून काही होत नाही. ‘लाज नाही वाटत?’ ऐकलं की आजही मान खाली जाते.

याचा उपयोग करून घे. इंग्रजी ही तुमची सांडशी आहे. तापलेलं पातेलं हातानं उचलता येत नाही, सांडशीनं येतं. ‘आय फेल्ट एम्बॅरस्ड’ हे वाक्य तू शांतपणे म्हणू शकशील. तेच मराठीत आईपाशी म्हणायला गेलास तर घसा दाटेल. ही इंग्रजीची मोठी सोय आहे, आणि तुमच्या दोघांपैकी कुणाचीही ती माहेरची भाषा नाही, म्हणजे सांडशी दोघांनाही सारखीच लागते. फक्त एक आहे. सांडशीनं पातेलं उतरवतात, जेवत नाहीत. कधीतरी तिला समोर बसवून तुझ्या भाषेत बोल, तिला कळो न कळो. तीही तिच्या भाषेत बोलेल. त्याबद्दल पुढे सांगते.

यादी देणार नाही म्हटलं तरी काही शब्द सांगितल्याशिवाय माझ्यातली मास्तरीण जेवायची नाही.

‘फ्रस्ट्रेटेड’ आणि ‘अँग्री’ यांत घोळ करू नकोस. वाट अडली की फ्रस्ट्रेटेड. तू जातोयस आणि काहीतरी आडवं येतंय, वारंवार. गुजरातीतली ‘अकळामण’ तू रोज ऐकतोस, ती याच्या बरीच जवळची. अँग्रीमध्ये कुणीतरी चूक केलेली असते, फ्रस्ट्रेटेडमध्ये तसं असायलाच हवं असं नाही. कितीतरी नवरे फ्रस्ट्रेटेड असतात ट्रॅफिकवर आणि अँग्री होतात बायकोवर.

‘गिल्टी’ आणि ‘अशेम्ड’. केलेल्या गोष्टीबद्दल टोचणी लागली तर गिल्टी. आपण माणूसच वाईट असं वाटायला लागलं तर अशेम्ड. पहिल्यात माफी मागून सुटता येतं. दुसऱ्यात माणूस तोंड लपवतो किंवा उलट अंगावर येतो. तुझ्या बायकोला त्या संध्याकाळी यातलं काहीतरी वाटलं असेल. कुठलं, ते तिला विचार. तू सांगू नकोस.

‘जेलस’ आपण सगळीकडे वापरतो. इंग्रजीत बारकाईनं बघितलं तर दोन माणसांत ‘एन्व्ही’, तिसरा आला की ‘जेलसी’. शेजाऱ्याच्या गाडीचा हेवा ही एन्व्ही. बायकोचा कॉल आपल्यापेक्षा महत्त्वाचा ठरला, ही कदाचित जेलसी, आणि तो तिसरा म्हणजे लॅपटॉप. हसू नकोस, पत्र पुन्हा वाच.

आणि ‘ओव्हरव्हेल्म्ड’. हा शब्द तू लिहिला नाहीस, पण तुझ्या बायकोच्या तोंडी असेल याची मला खात्री आहे. सगळ्या तरुण मंडळींच्या तोंडी आहे आणि आमच्या पिढीला तो नखरा वाटतो. मलाही वाटायचा. मग एकदा कोशात बघितला. मुळात ‘व्हेल्म’ म्हणजे उलटं करणं, पालथं घालणं. त्यावर पाणी चढून बुडणं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हाचं आठव. नळाचं पाणी, दाराशी साचलेलं पाणी, जिन्याच्या पायरीवरचं पाणी, आणि वर कुणीतरी सांगायचं की गल्लीत मगर दिसली. एकेक गोष्ट वेगळी आली असती तर आपण निभावली असती. सगळं एकदम आलं म्हणून हात-पाय गळाले. ते ओव्हरव्हेल्म्ड. अशा माणसाला ‘रिलॅक्स’ म्हणू नये, ते पुरात उभ्या असलेल्या माणसाला ‘कोरडा राहा’ म्हटल्यासारखं आहे. त्याच्या हातातलं एक काम काढून घ्यावं. परक्या घरात, परक्या भाषेत, तीस माणसं, कांद्याशिवायचा स्वयंपाक, आरतीचे पाठ नसलेले शब्द आणि कानाला ऑफिस. मी असते तर मीही गच्चीत गेले असते.

आता एक धोका. इंग्रजीत ‘आय फील’ म्हटलं की पुढे भावनाच येते असं नाही. ‘आय फील दॅट यू डोन्ट रिस्पेक्ट माय फॅमिली’ ही भावना नव्हे, आरोप आहे, अंगावर भावनेची शाल घेतलेला. ‘दॅट’ आणि ‘यू’ आले की सावध. ‘आय फील इग्नोर्ड’ हेसुद्धा अर्धं समोरच्याच्या वागण्याचं वर्णन असतं. मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं अशा शब्दांवर नेमकं बोट ठेवलं होतं. त्यानं काढलेली वाट अशी की काय घडलं ते एका वाक्यात, काय वाटलं ते एका शब्दात, काय हवं होतं ते एका वाक्यात, आणि मग विनंती. तुला लागू करून सांगते. ‘व्हेन यू केम आफ्टर द आरती, आय फेल्ट एम्बॅरस्ड अँड अ लिटल हर्ट. आय वॉन्टेड यू नेक्स्ट टु मी. नेक्स्ट इयर, कॅन वुई ब्लॉक दॅट हाफ अवर?’ एवढंच. आत्याचं नाव घेऊ नकोस. आत्या पुढच्या वर्षीही येणार आहे.

हे वाक्य भांडणाच्या भरात सुचणार नाही, तेव्हा तसा हट्ट धरू नकोस. तापलेलं असताना ‘आय नीड हाफ अ‍ॅन अवर’ एवढं म्हण आणि सुरसागर तळ्याला एक चक्कर मारून ये. पण अर्धा तास म्हणालास तर अर्ध्या तासानं परत ये. चालताना आधी मराठीत शोध. पोटात कालवलं, डोक्यात तिडीक गेली, की जीव घुसमटला? शरीरात कुठे आहे ते आपल्या भाषेला फार चांगलं कळतं. ते सापडलं की मग इंग्रजी शब्द. उलट्या क्रमानं गेलास तर चक्रावरचा एखादा देखणा शब्द उचलशील, आणि तो तुझा नसेल.

आणि एक कर. तिच्या भाषेतले चार शब्द शिक. माझ्याबरोबर एक मल्याळी बाई गणित शिकवायच्या. एक दिवस फोनवर बोलताना त्यांनी तीन वेळा ‘संकटम्’ म्हटलं. मी धावले, म्हटलं घरी काय अरिष्ट आलं. तर मल्याळममध्ये संकटम् म्हणजे दुःख, वाईट वाटणं. मुलगा हॉस्टेलला गेला होता, एवढंच. ‘देष्यम्’ म्हणजे राग. आपला ‘द्वेष’ ऐकू येतो त्यात, पण तेवढा कडू नाही तो. तुझी बायको आईशी फोनवर बोलताना असं काही म्हणत असेल आणि तू शेजारच्या खोलीत भलताच अर्थ लावत असशील, तर आधी विचार.

थोडक्यात एक गंभीर गोष्ट. ‘डिप्रेशन आलंय’ हे आपण मॅच हरल्यावरही म्हणतो. डॉक्टर तो शब्द वापरतात तेव्हा दोन आठवडे किंवा जास्त, बहुतेक रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन बुडालेलं असतं, झोप-भूक बिघडते, कशात रस उरत नाही. दोघांपैकी कुणाचं तसं झालं तर चक्र आणि काकू दोन्ही बाजूला ठेवा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.

राहिलं ‘हिरमुसणं’. इंग्रजीत ‘क्रेस्टफॉलन’ आहे, तुरा पडलेला कोंबडा. चित्र झकास आहे, पण बोलताना कुणी वापरत नाही. ‘डिसअपॉइंटेड’मध्ये अपेक्षा मोडते, ‘सल्की’मध्ये फुरंगटणं आहे, आणि हिरमुसणाऱ्या माणसाचा तो मिटलेला चेहरा दोन्हींत नाही. तेव्हा इथे भाषांतर करत बसू नकोस. चक्राच्या बाहेरच्या कडेला पेन्सिलनं ‘हिरमुसलो’ लिही, शेजारी तिला ‘संकटम्’ लिहायला सांग. तिच्या गावच्या नावांतला तो ‘ऴ’ म्हणायला तुला तीन वर्षं लागली असतील. तिला ‘हिरमुसलो’ एका आठवड्यात जमेल. अर्थ विचारला तर तोंडानं सांगू नकोस. त्या दिवशी गाडीत बसला होतास तसा चेहरा करून दाखव.

— काकू